गाणं शिकताय? मग ही भाषणं अशी बघा

प्रेरणादायी भाषण बघून झालं की अंगात जी वीज संचारते, ती फार तर तासभर टिकते. तेवढ्यात तंबोरा लावून बसलात तर भाषण कामी आलं. नाहीतर स्क्रीनवर आपोआप पुढचं भाषण सुरू होतं, मग त्याच्या पुढचं, आणि संध्याकाळ संपते तेव्हा गळ्यातून एक सूरही निघालेला नसतो. म्हणून नव्याने गाणं शिकणाऱ्यांसाठी आणि एकूणच विद्यार्थ्यांसाठी ही यादी देताना मी एकच अट घालतोय: प्रत्येक भाषणानंतर त्याच बैठकीत काहीतरी गायचं, वाजवायचं किंवा करायचं. कोणत्या भाषणानंतर काय करायचं, तेही सांगतो.

आधी अडचण लिहा, मग भाषण शोधा

वही घ्या आणि या आठवड्यात गाण्यात नेमकं काय अडतंय ते एका ओळीत लिहा. "आत्मविश्वास वाढवायचाय" ही अडचण नव्हे, ती नुसती इच्छा झाली. "घरी दम पुरतो, लोकांसमोर बसलं की अर्ध्या ओळीत श्वास संपतो", "बंदिश पाठ आहे पण ऐकणाऱ्याला काही वाटत नाही", "रियाजाला बसते आणि दहा मिनिटांत मोबाईल हातात येतो" असं काहीतरी लिहा. ओळ जितकी नेमकी, तितकं भाषण निवडणं सोपं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. वरच्या षड्जाला गळा आवळत असेल, आवाज फाटत असेल, तर त्यावर भाषणाचा इलाज नाही. ते समोर बसलेल्या गुरूनेच ऐकायला हवं. भाषण कामाला येतं ते ऐकण्याच्या सवयीत, रियाजाच्या शिस्तीत, भीती हाताळण्यात आणि पडल्यावर उठण्यात.

लावायचं कसं

टेड (TED) ही छोटी भाषणं भरवणारी संस्था, तिची भाषणं तिच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. भाषणासोबत लिखित मजकूर मिळतो, आणि काहींना मराठी सबटायटल्सही आहेत, भाषांच्या यादीत एकदा बघून घ्या. इंग्रजी बोलण्याचा वेग झेपत नसेल तर आधी मजकूर वाचून काढा, मग भाषण लावा. त्यात कमीपणा काही नाही.

यूट्यूबवर शोधताना वक्त्याचं नाव टाका आणि मूळ संस्थेच्या चॅनेलवरचं पूर्ण भाषण घ्या. चार वक्त्यांची वाक्यं कापून, मागे चढतं पार्श्वसंगीत टाकून केलेल्या क्लिपा सरळ वगळा. त्या वाक्यांना मागचापुढचा संदर्भ उरलेला नसतो, आणि अंगावर काटा आणायचं काम ते संगीतच करत असतं. गाणाऱ्याला तरी ही चलाखी कळायला हवी!

कॉम्प्युटरवर यूट्यूब बघत असाल तर कीबोर्डवरचं J हे अक्षर दाबलं की दहा सेकंद मागे जाता येतं, L दाबलं की दहा सेकंद पुढे, आणि K दाबलं की थांबतं. वाद्य किंवा गाणं असलेला भाग पुन्हा पुन्हा ऐकायला हे फार उपयोगी पडतं. वेग मात्र वाढवू नका. दीडपट वेगाने भाषण ऐकलं की माहिती मिळते, पण वक्त्याचे थांबे नाहीसे होतात, आणि चांगल्या वक्त्याचं अर्धं कसब थांब्यांतच असतं. पहिल्यांदा सलग बघा. दुसऱ्यांदा पेन हातात घेऊन, थांबत थांबत.

पहिलं भाषण: बेंजामिन झँडर

कुठून सुरुवात करू असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून हेच नाव सांगेन. झँडर हे बॉस्टन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे संचालक. त्यांचं टेडमधलं २००८ चं भाषण साधारण वीस मिनिटांचं आहे. शास्त्रीय संगीत आपल्यासाठी नाही असं मानणाऱ्यांना ते पियानोवर बसून हसतखेळत आपल्या बाजूला ओढतात.

सुरुवातीचाच एक भाग नीट बघा. सात वर्षांचं मूल पियानो कसं वाजवतं ते झँडर वाजवून दाखवतात: प्रत्येक सुरावर ठोका. आठव्या वर्षी ठोका दर दोन सुरांनी येतो, नवव्या वर्षी चार सुरांनी, दहाव्या वर्षी आठ सुरांनी. अकराव्या वर्षी मात्र एका अख्ख्या ओळीला एकच रेटा उरतो, आणि गंमत म्हणजे त्यासोबत वाजवणाऱ्याचं अंगही एका बाजूला कलतं. सूर तेच, बोटं तीच. कमी झाले ते फक्त ठोके.

आता भाषण थांबवा आणि तुम्हाला येणाऱ्या कुठल्याही बंदिशीचा किंवा गीताचा मुखडा घ्या. आधी प्रत्येक अक्षरावर जोर देऊन गा. कानाला वाईट लागेल, लागू दे. मग दर दोन अक्षरांनी जोर. मग अर्ध्या ओळीला एक. शेवटी पूर्ण ओळ एका श्वासात, जोर फक्त एकाच ठिकाणी. ते ठिकाण कोणतं, हे ठरवताना तुम्ही पहिल्यांदाच शब्दांचा अर्थ आणि समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, जागा यांचा एकत्र विचार करत असाल. हे चारही प्रकार मोबाईलवर रेकॉर्ड करून लागोपाठ ऐका. "गाण्यात जीव नाही" या तक्रारीचं मूळ अनेकदा इथेच सापडतं.

पुढे झँडर शोपँ या संगीतकाराचं ई मायनर या स्वरश्रेणीतलं एक प्रेल्यूड, म्हणजे पियानोची छोटी रचना, उलगडून दाखवतात. सूर एकेक पायरी खाली येत राहतात आणि ज्या घरी पोचायचं ते घर लांबणीवर पडत जातं. समेवर येण्याआधी श्रोत्याला ताटकळत ठेवणारा गवई तुम्ही ऐकला असेल, तर हे समजायला पियानो यायची गरज नाही. शेवटाकडे एक प्रसंग आहे, तो मी सांगणार नाही, तो त्यांच्याच तोंडून ऐका.

ऐकायला शिकवणारी: एव्हलिन ग्लेनी

ग्लेनी या स्कॉटलंडच्या तालवादक. बारा वर्षांच्या होईपर्यंत त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ गेली होती. त्यांचं टेडमधलं भाषण २००३ चं आहे आणि अर्ध्या तासाहून थोडं मोठं, तेव्हा सवडीने लावा.

त्यांच्या शिक्षकांनी विचारलं होतं, तुला ऐकू कसं येणार? त्यावर त्यांनी उलट विचारलं, तुम्हाला कसं येतं? शिक्षक म्हणाले, कानांनी. ग्लेनींचं म्हणणं असं की मीही कानांनी ऐकते, पण हातांनी, गालांच्या हाडांनी, पोटाने, छातीने, पायांनीही ऐकते. संगीताच्या खोलीच्या भिंतीला तळवे लावून कोणता नाद शरीरात कुठे उतरतो हे त्या शिकल्या. पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकने प्रवेश द्यायला आधी नकार दिला, तेव्हा त्यांनी त्या नकारामागच्या कारणालाच आव्हान दिलं आणि प्रवेश मिळवला.

भाषणात त्या श्रोत्यांना टाळ्यांनी मेघगर्जना करायला सांगतात, मग पाऊस, मग बर्फ पडण्याचा आवाज. लोक टाळ्या वाजवतच राहतात. त्यावर त्या विचारतात, बर्फ पडताना कधी आवाज ऐकलाय का? मग थांबा की! सगळं सभागृह हसतं, पण शांतताही वाजवावी लागते हा धडा सगळ्यांना मिळालेला असतो.

यानंतर करायचं ते असं. एक तळवा छातीवर, दुसरा डोक्याच्या वरच्या बाजूला ठेवा आणि मंद्र सप्तकातला एखादा सूर आकारात धरा. मग मध्य सप्तकातला, मग जमेल तितका वरचा. थरथर कुठे जाणवते, कुठे नाहीशी होते, ते वहीत लिहा. तंबोरा किंवा गिटार असेल तर लाकडाला हनुवटी टेकवून एक तार छेडा. रोज पाच मिनिटं पुरेत.

आवाज तापवायचा असेल तर

ज्युलियन ट्रेझर यांचं टेडग्लोबल २०१३ मधलं भाषण बोलण्याच्या कलेबद्दल आहे आणि ते अमाप बघितलं गेलंय. जेमतेम दहा मिनिटांचं. माझ्या मते गाणाऱ्यांनी त्यातला शेवटचा भाग घ्यावा: श्वास, ओठ, जीभ मोकळी करण्याचे सहा साधे प्रकार, आणि तेही सगळ्या सभागृहाकडून उभं राहून करून घेतलेले. शेवटचा प्रकार वरून खाली घसरत येणाऱ्या आवाजाचा आहे, सायरनसारखा. घरच्यांना आधी सांगून ठेवा, मगच करा. घसा बसलेला असताना मात्र हे काहीच करू नका.

रियाज: किती, यापेक्षा कसा

ॲनी बॉसलर आणि डॉन ग्रीन यांचा टेड-एडवरचा रियाजाविषयीचा पाठ पाच मिनिटांच्या आत संपतो. तो ॲनिमेशनमध्ये असल्याने लहान मुलांनाही दाखवता येतो. मेंदूतल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं, सराव केल्याने ते वाढतं आणि संदेश जलद जातात, असं त्यात समजावलंय. मग चार सूचना येतात: लक्ष विचलित करणाऱ्या वस्तू दूर ठेवा, आधी संथ लयीत करा, छोट्या छोट्या बैठका करून मध्ये विश्रांती घ्या, आणि मनातल्या मनात बारकाव्यांसह उजळणी करा. शेवटची सूचना गाणाऱ्यांसाठी फार मोलाची आहे. गळा थकलेला असतानाही पलटे मनात म्हणता येतात.

त्याच्या जोडीला एदुआर्दो ब्रिसेन्यो यांचं २०१६ चं टेडेक्समधलं भाषण बघा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शिकण्याचा वेळ वेगळा आणि सादर करण्याचा वेळ वेगळा, आपण मात्र जवळजवळ सगळा वेळ सादरच करत राहतो. त्यांनी पॉप गायिका बियॉन्सेचं उदाहरण दिलंय. कार्यक्रम आटोपून हॉटेलात परतल्यावर ती त्याच रात्रीचं चित्रीकरण बघते आणि स्वतःसाठी, नर्तकांसाठी, कॅमेरावाल्यांसाठी सुधारणा टिपून ठेवते. आता आपल्या रियाजाकडे वळा. तासभर बसून येणारीच बंदिश सुरुवातीपासून शेवटपर्यंत चार वेळा गायलात, तर तो रियाज नव्हे, प्रेक्षकांशिवायची मैफल झाली.

करायचं असं: तीन मिनिटांचं गाणं रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त एकच गोष्ट पकडा. आज फक्त श्वासाच्या जागा, उद्या फक्त ओळीच्या शेवटचा सूर. ओळीचा शेवटचा सूर बहुतेक नवख्यांचा किंचित खाली येतो, कारण पुढच्या श्वासाची घाई सुरू झालेली असते. तेवढीच जागा संथ लयीत दहा वेळा घ्या, मग पूर्ण गाणं एकदाच गा.

रंगमंचाची भीती

इथे दोन भाषणं बघा आणि एका भाषणापासून जरा जपून राहा.

जो कोवान यांचं २०१३ चं भाषण आठेक मिनिटांचं आहे. लोकांसमोर गायचं म्हटलं की त्यांचे हातपाय लटपटायचे, आवाज कापायचा. त्यांनी काय केलं? भीतीवरच गाणं रचलं आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला तेच गायला लागले. आवाज कापला तरी तो त्या गाण्यात शोभून दिसतो! ते गाणं भाषणातही गातात. आपल्याला हे उसनं घेता येईल: पहिलं गाणं असं निवडा, ज्याला सुरुवातीचा थोडा कंप चालून जाईल. अतिसंथ आलापाने सुरुवात करायची हौस जरा नंतरसाठी ठेवा.

केली मॅक्गोनिगल यांचं २०१३ चं भाषण ताणाबद्दल आहे. छाती धडधडणं, श्वास वाढणं म्हणजे शरीर कामासाठी सज्ज होतंय, असं त्या सांगतात. कार्यक्रमाआधी जिना दोनदा चढून-उतरून या आणि वाढलेल्या श्वासावर मुखडा गाऊन बघा. मंचावरची ती अवस्था घरात आधीच ओळखीची करून ठेवायची.

जपून राहायचं ते एमी कडी यांच्या २०१२ च्या भाषणाबाबत. दोन मिनिटं ऐटीत उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकंही बदलतात, असा त्यात दावा होता. पुढे २०१५ मध्ये जास्त लोकांना घेऊन केलेल्या अभ्यासात संप्रेरकांचा तो परिणाम दिसला नाही, आणि मूळ संशोधनातल्या सहलेखिका डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये त्यावर आपला विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. ताठ उभं राहून बरं वाटत असेल तर खुशाल उभे राहा, गाण्यासाठी पाठ सरळ असणं चांगलंच. पण भाषण गाजलं म्हणून त्यातलं शास्त्र पक्कं असतं असं नाही, हे या निमित्ताने लक्षात ठेवा.

पडल्यावर

चॅरिटी टिलमन-डिक या ऑपेरा गाणाऱ्या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीच्या गायिका. २००४ मध्ये त्यांना फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढण्याचा गंभीर आजार असल्याचं कळलं, आणि गाणं सोडायचा वैद्यकीय सल्ला मिळाला. त्या गात राहिल्या. २००९ मध्ये दोन्ही फुप्फुसं बदलावी लागली, महिनाभर त्या बेशुद्ध होत्या. २०१० मध्ये टेडमेडच्या मंचावर त्यांनी हे सगळं सांगितलं, आणि मग त्याच मंचावर गायल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसांतल्या श्वासावर. २०१२ मध्ये पुन्हा एकदा प्रत्यारोपण झालं. २०१९ मध्ये त्या गेल्या. मराठी वाचकाला इथे कुमार गंधर्व आठवतीलच: क्षयाने काही वर्षं गाणं थांबलं आणि परतले ते वेगळीच गायकी घेऊन.

या भाषणानंतर कुठलाही व्यायाम देत नाही. फक्त एक सांगतो: आजारी असताना गायलाच हवं, असा अर्थ यातून काढू नका. त्यांच्यामागे डॉक्टरांचं मोठं पथक होतं.

गाण्यालाच पोटापाण्याचं साधन करायचा विचार असेल तर जॉयस डीडोनाटो यांचं ज्युलियर्ड या संगीत शिकवणाऱ्या संस्थेतलं २०१४ चं पदवीदान समारंभातलं भाषण चुकवू नका. त्या स्वतः अव्वल दर्जाच्या मेझो-सोप्रानो (सोप्रानोपेक्षा थोड्या खालच्या पट्टीच्या गायिका), आणि समोर बसलेल्या पदवीधरांना पहिलीच गोष्ट सांगतात ती अशी की तुम्ही कधीच 'पोचणार' नाही. कलावंताला पोचायचं असं ठिकाणच नसतं, हा त्यामागचा अर्थ. मग सांगतात की काम कधी संपणार नाही, हे सगळं तुमच्याविषयी नाहीच, आणि जगाला तुमची गरज आहे. या चार मुद्द्यांपैकी तिसरा मला सगळ्यांत उपयोगाचा वाटतो. परीक्षेत किंवा स्पर्धेत "माझं कसं होतंय" हा विचार थांबून "ही ओळ समोरच्याला पोचली का" हा सुरू झाला, की गळाही सैल पडतो.

एकत्र गाणाऱ्यांसाठी

संगीतकार एरिक व्हिटेकर यांचं २०११ चं भाषण म्हणजे घरोघरी एकेकट्याने गाऊन बनवलेल्या आभासी वृंदगायनाची गोष्ट. पहिल्या प्रयोगात १२ देशांतले १८५ गायक होते, दुसऱ्यात ५८ देशांतून २,०५२ चित्रफिती आल्या. सुरुवात झाली ती एका तरुण मुलीने स्वतःच्या घरी गाऊन पाठवलेल्या चित्रफितीने. व्हिटेकर स्वतः कॉलेजात वृंदगायनात शिरले तेव्हा त्यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती, हेही ऐकून घ्या आणि धीर धरा.

दोघं-तिघं मित्र असाल तर हेडफोन लावून, एकाच तंबोऱ्याच्या रेकॉर्डिंगवर, आपापल्या घरी एकच गीत गा आणि एकावर एक ठेवून ऐका. सूर बऱ्यापैकी जुळतात. फजिती होते ती 'स' आणि 'त'ची, प्रत्येकाचा वेगवेगळ्या वेळी येतो.

गायक बॉबी मॅकफेरिन यांचं २००९ च्या वर्ल्ड सायन्स फेस्टिव्हलमधलं प्रात्यक्षिक तर तीनच मिनिटांचं आहे. ते मंचावर उड्या मारतात, प्रत्येक जागेला एक सूर, आणि न शिकवलेला पुढचा सूर श्रोते आपसूक गातात. पाच सुरांचंच सप्तक आहे ते, भूप राग गाणाऱ्याला लगेच ओळखू येईल. लहान भावंडांवर करून बघा.

आणि होसे अंतोनियो अब्रेऊ. व्हेनेझुएलात १९७५ मध्ये त्यांनी मुलांच्या वाद्यवृंदाच्या पहिल्या तालमीसाठी १०० मुलांना पुरतील असे स्वरलिपीचे ५० स्टँड जमवले होते, मुलं आली ११. त्यांचं २००९ चं टेडमधलं भाषण स्पॅनिशमध्ये आहे, सबटायटल्स लावा. गाण्याचा वर्ग सुरू करू पाहणाऱ्याने तर जरूर.

गाणं न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

कॅरल ड्वेक यांचं २०१४ चं भाषण 'नापास'ऐवजी 'अजून नाही' असा शेरा देणाऱ्या शाळेपासून सुरू होतं. अँजेला डकवर्थ चिकाटीबद्दल सहा मिनिटं बोलतात आणि ती मुलांमध्ये कशी आणायची हे मला माहीत नाही, असं मंचावरूनच कबूल करतात. या प्रामाणिकपणासाठी तरी बघावं. केन रॉबिन्सन यांचं २००६ चं भाषण आईवडिलांसोबत बघा, विशेषतः गिलियन लिन या नृत्यदिग्दर्शिकेच्या बालपणाचा किस्सा. स्टीव्ह जॉब्स यांचं स्टॅनफर्डमधलं २००५ चं भाषण बहुतेकांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

आठवड्याला एकच

एवढी नावं वाचून सगळी एका रविवारी उरकू नका. आठवड्याला एक भाषण आणि त्याचा व्यायाम सातही दिवस. वहीत तीन रकाने करा: काय ऐकलं, काय करून बघितलं, गुरूंना काय विचारायचं. तिसरा रकाना रिकामा राहायला लागला तर भाषणं थोडे दिवस बंद ठेवा. आणि भाषणातलं एखादं तंत्र गुरूंच्या सांगण्याच्या विरुद्ध वाटलं, तर ते गुपचूप सुरू करू नका. भाषण त्यांना दाखवा आणि विचारा.

सुट्टीत हाताशी वेळ असेल तेव्हा अमेरिकन संगीतकार लेनर्ड बर्नस्टाईन यांची हार्वर्डमधली १९७३ ची सहा व्याख्यानं आहेत. एकेक व्याख्यान तास-दीड तासाहून मोठं, आणि पुढची बरीच अवघड. पहिलं तेवढं नक्की बघा. पियानोची वरची एक पट्टी आवाज न करता दाबून धरायची, खालच्या सप्तकातला तोच सूर जोरात वाजवून सोडून द्यायचा, आणि वरची तार आपोआप गुणगुणताना ऐकायची, असा प्रयोग ते करतात. मग ओळीने पुढचे स्वयंभू सूर, म्हणजे एकाच सुरातून आपोआप उमटणारे वरचे सूर, काढून दाखवतात. तो भाग झाला की व्याख्यान थांबवा, तंबोरा नीट जुळवा आणि खर्जाची तार एकटीच छेडत राहा. त्यातला गंधार पहिल्या दिवशी ऐकू आला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा, खोलीतला पंखा बंद करून.